धारवाडचे कर्नाटक कॉलेज : एका वास्तूची दोन नावे



एखाद्या ग्रंथालयाची शताब्दी साजरी होते, तेव्हा त्याच्या कपाटांतील ग्रंथांची मोजदाद होते, देणगीदारांची नावे वाचली जातात आणि पूर्वसूरींचे स्मरण केले जाते. हे सारे उचितच आहे. परंतु ग्रंथालय एकटे जगत नाही. वाचणारा माणूस आधी कोठेतरी घडलेला असतो. शाळा त्याला अक्षरे देते. वाचनाची सवय आणि मतभेद सहन करण्याची ताकद मात्र बहुधा महाविद्यालयात येते. म्हणून शतकाचा हिशेब मांडताना या मुलखाला वाचक पुरविणाऱ्या एका महाविद्यालयाचा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही. ते महाविद्यालय म्हणजे धारवाडचे कर्नाटक कॉलेज होय.

कलघटगी हे हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. एका अंगाला मैदानी मुलूख, दुसऱ्या अंगाला मलनाडाची चाहूल. भाताची शेते, तळी आणि रंगीत लाकडी पाळण्यांचा जुना व्यवसाय ही त्याची ओळख. कलघटगीचा पाळणा घरात असणे ही धारवाड जिल्ह्यात आजही कौतुकाची गोष्ट मानली जाते. त्या पाळण्यात वाढलेल्या मुलाने मॅट्रिकची परीक्षा दिली, की पुढे काय, हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी किती अवघड होता याची कल्पना आज येणे कठीण आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे येथील विद्यार्थ्याने पदवी घ्यावयाची ती त्याच विद्यापीठाची. परंतु विद्यापीठ परीक्षा घेई. शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. ती होती मुंबईला एल्फिन्स्टन व विल्सन, पुण्याला डेक्कन कॉलेज आणि १८८५ नंतर फर्ग्युसन, कोल्हापूरला राजाराम. कृष्णेच्या दक्षिणेस, या संपूर्ण कानडी मुलखात, मुंबई विद्यापीठाची पदवी देणारे कला महाविद्यालय विसाव्या शतकाची पहिली सोळा वर्षे उलटली तरी नव्हते. धारवाडहून पुणे चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेथे राहण्याची सोय, खाणावळीचा खर्च, फी आणि परक्या गावाची धास्ती हे सारे पेलू शकणारी घरे मोजकी होती. द. रा. बेंद्रे हे धारवाडचेच. १९१३ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात जावे लागले आणि १९१८ साली ते पदवीधर होऊन परतले. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाई आणि ज्यांनी कन्नड काव्याला नवा श्वास दिला, त्या कवीचेही शिक्षण पुण्यावाचून पुरे होऊ शकले नाही. ज्यांना पुणे गाठता आले नाही अशी किती मुले कारकुनीत किंवा शेतावर राहिली, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

येथे मराठी वाचकाने एक गोष्ट मोकळ्या मनाने ऐकून घेणे आवश्यक आहे. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत बेळगाव, धारवाड, विजापूर या भागाला ‘दक्षिण मराठा देश’ असे संबोधले जाई. पेशवाईचा व जहागीरदारांचा अंमल येथे होऊन गेलेला. कचेऱ्यांत मराठीचा आणि मोडीचा वापर रुळलेला. त्याचा परिणाम शिक्षणावरही झाला आणि बहुसंख्य लोकांची भाषा कन्नड असताना शाळांतून मराठीचे वर्चस्व राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणखात्यातील रसेल हे इंग्रज अधिकारी आणि डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांचा पुरस्कार केला, तेव्हा ही स्थिती पालटू लागली. १८९० साली धारवाडात रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. या चळवळीचा रोख मराठी साहित्यावर नव्हता. आपल्या मुलाला आपल्या भाषेत शिकता यावे एवढीच तिची मूळ मागणी होती. नेमकी हीच मागणी मराठी माणूस स्वतःसाठी इतरत्र करीत आला आहे. तेव्हा ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना कान बंद करणे न्यायाचे होणार नाही.

धारवाडात महाविद्यालय हवे, ही मागणी याच जागृतीतून आली. आता ते ज्या वास्तूत नांदते तिची कथा मोठी बोलकी आहे. सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १८८२ साली स्थापन झाली आणि तिचे मुख्य कार्यालय धारवाडला होते. त्यासाठी कंपनीने भव्य इमारत उभारली. पुढे १९०८ च्या आरंभी ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली गेली, ‘मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे’ असे लांबलचक नाव झाले आणि मुख्य कारभार मद्रासला गेला. धारवाडची कचेरी ओस पडली. ज्या गावाचे वैभव रेल्वेच्या साहेबांवर आणि कारकुनांवर उभे होते, त्या गावाला हा मोठाच धक्का असला पाहिजे.

१९१७ साली धारवाडात सरकारी कला महाविद्यालय सुरू झाले आणि रेल्वेची ही वास्तू पुढे त्याचे घर बनली. नाव ठेवले गेले ‘कर्नाटक कॉलेज’. त्या वेळी कर्नाटक नावाचे राज्य नकाशावर नव्हते. धारवाड मुंबई इलाख्यात, बल्लारी मद्रास इलाख्यात, म्हैसूर संस्थानात आणि गुलबर्गा निजामाच्या राज्यात होते. कन्नड भाषकांचे एक राज्य झाले १९५६ च्या १ नोव्हेंबरला आणि त्याला ‘कर्नाटक’ हे नाव मिळाले १९७३ साली. म्हणजे राज्याला जे नाव मिळण्यास आणखी ५६ वर्षे लागणार होती, ते एका छोट्या महाविद्यालयाने आधीच धारण केले होते. एकाच वास्तूवर आधी ‘मराठा’ आणि मग ‘कर्नाटक’ ही दोन नावे यावीत, यात कोणाला हारजीत दिसेल. परंतु जरा शांतपणे पाहिले, तर कंपनीचे कार्यालय जाऊन तेथे विद्यार्थी आले, हाच त्यातला महत्त्वाचा बदल आहे. पहिले नाव सत्तेच्या भूगोलातून आले होते, दुसरे लोकांच्या इच्छेतून.

लोकांची इच्छा हे शब्द येथे केवळ अलंकार म्हणून वापरलेले नाहीत. हे महाविद्यालय सरकारी होते खरे. पण सरकारने ते आपण होऊन दिले असे नाही. रोद्द श्रीनिवासराव आणि अरटाळ रुद्रगौडा यांच्यासारख्या मंडळींनी त्यासाठी खटपट केली आणि लोकांकडून निधी उभा केला. एक ब्राह्मण आणि एक लिंगायत पुढारी खांद्याला खांदा लावून एकाच कामासाठी दारोदार जातात, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. सरकारी पगार व मान्यता आणि लोकांचा पैसा व आग्रह या दोन आधारांवर संस्था उभी राहिली. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे. जी संस्था कोणा एका दात्याची नाही, एका जातीची किंवा मठाची नाही, आणि सर्वांनी मागितल्यामुळे सर्वांना मिळाली, ती सार्वजनिक. या सभागृहात बसलेल्यांना हा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही; सार्वजनिक ग्रंथालयेही अशीच जन्माला येतात.

कला महाविद्यालय म्हणजे तरी काय होते? आजच्या विद्यार्थ्याला ‘आर्ट्स’ म्हटले की गुण कमी पडलेल्यांची शाखा असे वाटते. त्या काळी अर्थ निराळा होता. इंग्रजी, संस्कृत किंवा दुसरी अभिजात भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र, गणित असा अभ्यास विद्यार्थी इंटरपर्यंत करी आणि नंतर एका विषयाकडे वळे. पुढे वकील होणारा, मामलेदार होणारा आणि शाळामास्तर होणारा एकाच बाकावर बसून एकच ग्रंथ वाचत. मानव्यविद्यांचे शिक्षण कोणत्याही धंद्यासाठी थेट उपयोगी नसते, आणि म्हणूनच ते सर्व धंद्यांना उपयोगी पडते, ही त्यामागची धारणा होती. महाविद्यालय लहान असल्यामुळे प्राध्यापकाला विद्यार्थी नावाने ठाऊक असे.

प्राध्यापकही तसे लाभले. एच. जी. रॉलिन्सन हे येथील प्राचार्य. भारताचा पाश्चात्य जगाशी प्राचीन काळी आलेला संबंध हा त्यांच्या व्यासंगाचा विषय आणि शिवाजी महाराजांवरील त्यांचे इंग्रजी चरित्र १९१५ साली प्रसिद्ध झालेले. पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य झाले. शिवचरित्रकार असलेला इंग्रज कर्नाटक कॉलेज चालवितो, हा योगायोग मराठी वाचकाला सुखावणारा आहे. आद्य रंगाचार्य, म्हणजे कन्नड रंगभूमीचे ‘श्रीरंग’, येथे संस्कृत शिकवीत. दिवसा कालिदास शिकवावा आणि संध्याकाळी समाजाच्या ढोंगावर नाटक लिहावे, अशी त्यांची रीत. भरताच्या नाट्यशास्त्राचा इंग्रजी अनुवाद त्यांनीच केला. इंग्रजी शिकविणारे आर्मांदो मेनेझिस हे गोमंतकीय कुळातले आणि स्वतः इंग्रजीचे कवी. बसवादी शरणांच्या वचनांच्या इंग्रजी अनुवादात त्यांचा वाटा आहे. गोव्याच्या घराण्यातला ख्रिस्ती कवी लिंगायत संतांची वचने इंग्रजीत नेतो, हे घडण्यासाठी एक विशिष्ट प्रकारची जागा लागते. लहान सार्वजनिक महाविद्यालय ही ती जागा होती.

विद्यार्थ्यांचीही दोन-तीन उदाहरणे पुरेत. विनायक कृष्ण गोकाक सवणूरहून येथे आले, येथेच इंग्रजी वाङ्मयात पारंगत झाले, ऑक्सफर्डला जाऊन आले, सांगलीचे विलिंग्डन आणि कोल्हापूरचे राजाराम या मराठी मुलखातील महाविद्यालयांचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले आणि १९५२ साली कर्नाटक कॉलेजचे प्राचार्य म्हणून ते परत आले. १९९० चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. साताऱ्यात जन्मलेले व तेथेच शाळा शिकलेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर १९१८ साली धारवाडला आले आणि १९२० पर्यंत कर्नाटक कॉलेजात शिकले. नंतर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. हेच पुढे १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश आणि त्यानंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. महाविद्यालय निघून एकच वर्ष झाले होते, आणि साताऱ्याचा मुलगा शिकण्यासाठी पुण्याऐवजी दक्षिणेची गाडी पकडीत होता. पुण्याकडे जाणारा एकेरी रस्ता दुहेरी झाला, तो असा.

सार्वजनिक संस्था किती नाजूक असते, याचाही दाखला याच काळात आहे. मुंबई इलाख्यात सरकारी कला महाविद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतले पुण्याचे डेक्कन कॉलेज वयाने आणि लौकिकाने मोठे. १९३४ साली सरकारने ते बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १९३९ साली ते पदव्युत्तर संशोधनसंस्थेच्या रूपाने पुन्हा उघडले. पदवीपूर्व वर्ग मात्र गेले ते गेलेच. टिळक, आगरकर ज्या वर्गांत बसले, त्या वर्गांना जर कुलूप लागू शकते, तर कोणत्याही संस्थेने निर्धास्त राहू नये. संस्था वाचते ती तिच्या थोरवीमुळे नव्हे. तिच्यासाठी उभी राहणारी माणसे असतात म्हणून ती वाचते.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने बदलले. कर्नाटक विद्यापीठाची स्थापना १९४९ साली झाली. त्याचे कामकाज आरंभी मुंबईत होते, ते १९५० मध्ये धारवाडला आले. याच महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी आणि केंब्रिजचे रँग्लर दा. चिं. पावटे १९५४ पासून १९६७ पर्यंत विद्यापीठाचे कुलगुरू होते. कर्नाटक कॉलेज विद्यापीठाचे घटक महाविद्यालय बनले. संख्या वाढली, विषय वाढले आणि कालांतराने कला व विज्ञान यांची महाविद्यालये वेगळी नांदू लागली. सोय झाली यात शंका नाही. परंतु एका बाकावरचे दोघे दोन इमारतींत गेले, हेही खरे. माथेरानला जन्मलेले, शिरसीला मराठी नाटक कंपन्यांचे प्रयोग पाहिलेले गिरीश कार्नाड १९५८ साली कर्नाटक कॉलेजातून पदवीधर झाले ते गणित व संख्याशास्त्र घेऊन, आणि त्यांचे ‘ययाति’ १९६१ साली धारवाडच्याच मनोहर ग्रंथमालेने काढले. गणिताचा विद्यार्थी नाटककार होतो, यात नवल नाही. त्याच्या शेजारी नाटक वाचणारे कोणी बसलेले असावे, एवढेच लागते.

आता मराठीपुरता प्रश्न उरतो. १९५६ नंतर धारवाडची मराठी अल्पसंख्य झाली. कचेरीतून ती गेली, पाट्यांवरून गेली, घरात आणि ग्रंथालयात राहिली. याचे दुःख अनेकांनी केले आणि ते खोटे नव्हते. परंतु त्याच धारवाडात, त्याच काळात, मराठी कथेचा एक कळस उभा राहत होता. जी. ए. कुलकर्णी बेळगावकडचे. धारवाडला जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात ते सुमारे तीन दशके इंग्रजी शिकवीत राहिले. ‘निळासावळा’ १९५९ चा आणि ‘काजळमाया’ १९७२ चा. हे सारे लेखन सत्तेचा, सभेचा किंवा बहुसंख्येचा आधार नसलेल्या एका मराठी माणसाने कन्नड शहरात बसून केले. ते कर्नाटक कॉलेजात शिकवीत नव्हते. परंतु धारवाड हे इंग्रजीचा प्राध्यापक निवांतपणे वाचू-लिहू शकेल असे महाविद्यालयांचे गाव झाले, त्याचा आरंभ १९१७ साली झाला होता. भाषेचे राज्य गेले तरी भाषेचे काम थांबत नाही, हा जी. एं.च्या धारवाडचा धडा आहे. आणि ज्या चळवळीने मराठीला राजभाषेच्या आसनावरून उतरविले, तिनेच उभ्या केलेल्या विद्येच्या वातावरणात मराठीचा एक श्रेष्ठ लेखक सुखाने राहिला, हेही कबूल केले पाहिजे.

आज पदवीचे शिक्षण तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे. राज्य सरकारची प्रथम दर्जाची महाविद्यालये कर्नाटकात चारशेहून अधिक आहेत, आणि रोद्द-अरटाळ यांनी जे धारवाडसाठी मागितले ते आता खेड्यातील मुलींनाही घराजवळ मिळू शकते. हा पल्ला मोठा आहे. मात्र चिंतेची बाजूही आहे. कला शाखेकडे ओढा कमी, कायम प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि अतिथी व्याख्यात्यांवर भार, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. धोरणही स्थिर नाही. नव्या शिक्षण धोरणानुसार राज्यात २०२१-२२ पासून चार वर्षांची पदवीव्यवस्था आली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची झाली. दोन्ही व्यवस्थांच्या बाजूने बोलता येईल. परंतु ज्या मुलांच्या डोक्यावरून हे वारे वाहिले, त्यांना मधल्या काळात वाचावयास काय मिळाले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

तो प्रश्न ग्रंथालयाने विचारावयाचा आहे. महाविद्यालयाचा अभ्यासक्रम बदलतो, प्राचार्य बदलतात, सरकारे बदलतात. कपाटातले पुस्तक मात्र वाट पाहते. परंतु ते कोणाची वाट पाहते? केवळ मराठी घरातल्या मराठी मुलाची वाट पाहत बसले, तर सीमाभागातील मराठी ग्रंथालयांचे दुसरे शतक पहिल्याइतके भरभराटीचे होईल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. कन्नड माध्यमात शिकणारी, घरी मराठी बोलणारी आणि ती वाचता न येणारी पिढी आता समोर आहे. देवनागरी तिला हिंदीमुळे ठाऊक आहे. तेवढ्या पायरीवरून तिला वर घेता येईल. बेंद्रे, गोकाक, श्रीरंग, कार्नाड यांची मराठीत उपलब्ध असलेली पुस्तके आणि जी. एं.च्या कथा एकाच फळीवर ठेवता येतील. जवळच्या महाविद्यालयातील कला शाखेच्या विद्यार्थ्यांना, ते कोणत्याही भाषेचे असोत, अनामत रकमेशिवाय सभासद करून घेता येईल. याला फार पैसा लागत नाही. फळीवर जागा करावी लागते आणि मनातही.

रेल्वे कंपनीची ओस पडलेली कचेरी पाहून धारवाडकर हळहळत बसले असते, तर ती इमारत पडून गेली असती. त्यांनी तिच्यात विद्यार्थी आणले. ज्या नावाचे राज्य अजून जन्मलेले नव्हते, त्या नावाने तेथे मुले शिकू लागली आणि त्यांत साताऱ्याहून आलेला मुलगाही होता. कोणी त्याला भाषा विचारून दारात अडविले नाही. मराठी ग्रंथालयाच्या दारावरही पुढील शंभर वर्षे असेच घडो, आणि कलघटगीच्या पाळण्यात आज निजलेले मूल उद्या कोणत्याही भाषेत हाक मारीत या दारात आले, तरी त्याला आत बसावयास जागा व हातात घ्यावयास पुस्तक मिळो, एवढीच या मंगलप्रसंगी शुभकामना.